समूहगीतात कोणी मुके राहू नये

(चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांतील शिक्षक, पालक आणि कार्यकर्ते यांच्या एकत्रित बैठकीत केलेल्या भाषणाचे संपादित शब्दांकन)



आपल्यापैकी अनेकांनी शाळेत एक वाक्य ऐकलेले असेल. स्नेहसंमेलनाची किंवा पंधरा ऑगस्टच्या समूहगीताची तालीम चाललेली असते. ओळीत एखादा मुलगा बेसूर लागतो. गुरुजी त्याच्याजवळ येतात आणि हलक्या आवाजात सांगतात, "तू गाऊ नकोस हं, फक्त ओठ हलव." गुरुजींच्या मनात वाईट काहीच नसते, कार्यक्रम चांगला व्हावा एवढीच त्यांची इच्छा असते. परंतु तो मुलगा त्या दिवसापासून एक गोष्ट शिकतो : या समूहात उभे राहण्यापुरती मला जागा आहे, पण माझ्या आवाजाला नाही.

आज संगीत शिक्षणाविषयी बोलताना मला या ओठ हलवणाऱ्या मुलांविषयी बोलायचे आहे. ते केवळ बेसूर गाणारे नाहीत. ज्याला ऐकू येत नाही तो त्यांच्यात आहे. ज्याच्या घरी माडिया बोलली जाते आणि ज्याला पाठ्यपुस्तकातील कवितेचा एकही शब्द आपला वाटत नाही, तोही आहे. ज्याच्या आईला कुष्ठरोग झाला होता म्हणून ज्याच्या शेजारी कोणी बसत नसे, तोही त्याच ओळीत होता. समाज म्हणून आपण समूहगीत गातो खरे. पण त्यात किती जण गातात आणि किती जणांना आपण केवळ ओठ हलवायला सांगितले आहे, याचा हिशेब कधीतरी मांडला पाहिजे.

सहानुभूती हा शब्द आपण सहज वापरतो. कोणाचे वाईट झाले की सहानुभूती व्यक्त करतो, निवेदन देतो आणि पुढच्या कामाला लागतो. पण शब्दाची फोड करून पाहा. सह अधिक अनुभूती. एकत्र अनुभवणे, एवढाच त्याचा मूळ अर्थ. यात वरून खाली पाहणे कोठेही नाही. दया एकट्याने करता येते, दानही करता येते. सहानुभूतीला मात्र दोघे लागतात, आणि दोघांनी एकाच वेळी काहीतरी अनुभवावे लागते. नित्याच्या व्यवहारात असा अनुभव दुर्मीळ असतो. बोलताना एक बोलतो आणि दुसरा ऐकतो. गाताना मात्र दोघेही एकाच क्षणी गातात, एकमेकांचे ऐकतात, एकमेकांसाठी थांबतात. श्वास एकाच ठिकाणी घ्यावा लागतो. एकाची लय सुटली तर दुसरा सावरून घेतो. म्हणून सहगायन ही सहानुभूतीची सर्वांत जुनी आणि सर्वांत स्वस्त शाळा आहे.

हे केवळ भावनेचे बोलणे नव्हे. जर्मनीतील लायपझिग येथील किर्शनर आणि टोमासेलो या अभ्यासकांनी २०१० साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. चार वर्षे वयाची ९६ मुले त्यांनी जोड्या करून खेळायला बसवली. काही जोड्यांच्या खेळात गाणे आणि ताल होता, उरलेल्या जोड्यांचा खेळ तोच, पण संगीताशिवाय. खेळ संपल्यावर एका मुलाच्या नळीतून गोट्या सांडतील अशी व्यवस्था केली होती. दुसरा मदतीला धावतो की नाही, हे पाहायचे होते. एकत्र गाऊन-वाजवून खेळलेली मुले मदतीला अधिक धावली. पुढे २०१३ साली केंब्रिजच्या अभ्यासकांनी आठ ते अकरा वर्षांच्या मुलांवरील वर्षभराच्या कामाचा निष्कर्ष मांडला. जी मुले आठवड्यातून एकदा एकत्र संगीताचे खेळ खेळली, त्यांची दुसऱ्याच्या भावना ओळखण्याची क्षमता इतरांपेक्षा वाढलेली आढळली. यातील एक बारकावा शिक्षकांनी ध्यानात ठेवावा. या मुलांना कोणी मोठे गायक केले नव्हते, स्पर्धेला पाठवले नव्हते. त्यांना एकमेकांचे ऐकून वाजवायला लावले होते, एवढेच.

हे आपल्या पूर्वजांना प्रयोगशाळेशिवाय ठाऊक होते. पंढरीच्या दिंडीत प्रवेश देताना कोणी आवाज तपासून घेत नाही. ज्याच्या हाती टाळ, तो गायक. आवाज फाटका असला तरी चालतो. टाळाची लय त्याला सामावून घेते. संघटनेच्या कामात ज्यांनी सांघिक गीते म्हटली आहेत त्यांनाही हा अनुभव आहे. मैफलीत बसण्याची ज्याची पात्रता नाही असे लोक म्हणतात, तोही सांघिक गीतात मोकळ्या गळ्याने गातो.

आणि या विषयाचा एक मोठा आचार्य तर आपल्या याच मातीत तपाला बसला होता. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचा जन्म १९०९ साली अमरावती जिल्ह्यातील यावलीचा. पण चिमूर तालुक्यातील गोंदोड्याची तपोभूमी आपण सारे जाणतो. शालेय शिक्षण बेताचे, घरची परिस्थिती गरिबीची. त्यांनी वाद्य कोणते निवडले? खंजिरी. लाकडी कडे, त्यावर ताणलेले चामडे, आणि किणकिणणाऱ्या चकत्या. गावचा कोणताही माणूस करू शकेल, विकत घेऊ शकेल, काखेत घालून रानवाटेने चालू शकेल असे वाद्य. त्या खंजिरीवर त्यांनी मराठी आणि हिंदी भजने गाइली. गावोगाव भजनमंडळे उभी राहिली. १९४२ च्या ऑगस्टमध्ये चिमूरने जो पराक्रम केला, त्यामागे या भजनांनी जागवलेले मन होते, हे इंग्रज सरकारनेही ओळखले. महाराजांना अटक झाली, नागपूर आणि रायपूरच्या तुरुंगांत ठेवले गेले. खंजिरीचे भय सत्तेला का वाटावे? कारण एरवी एकमेकांच्या ओट्यावर न बसणारी माणसे तिच्याभोवती एका पंगतीत बसत होती. महाराजांनी सामुदायिक प्रार्थनेवर जो भर दिला, त्यात सर्व जातींनी, सर्व पंथांनी एकत्र बसावे हा आग्रह होता. संगीत शिक्षण हा शब्द त्यांनी वापरला नसेल. पण खेड्यापाड्यातील निरक्षर माणसाला सुरात आणि तालात आणण्याचे एवढे मोठे काम विदर्भात दुसऱ्या कोणी केल्याचे मला दिसत नाही.

आता वरोऱ्याला येऊ. बाबा आमटे यांनी १९४९ साली महारोगी सेवा समिती स्थापन केली आणि वरोऱ्याजवळच्या खडकाळ जमिनीवर आनंदवन उभे राहिले. त्या काळी कुष्ठरोग म्हणजे माणसातून उठणे. आई-बाप घराबाहेर काढत, गाव वेशीबाहेर ठेवी. बाबांची भूमिका अशी होती की, दान माणसाला दुबळे करते आणि काम त्याला उभे करते. म्हणून आनंदवनात बोटे झडलेल्या हातांनी शेती झाली, माग चालले, विहिरी खोदल्या गेल्या. पुढे अंध आणि कर्णबधिर मुलांच्या शाळा आल्या. आणि २००२ साली डॉ. विकास आमटे यांच्या पुढाकाराने 'स्वरानंदवन' हा वाद्यवृंद उभा राहिला. अंध गायक, शारीरिक दिव्यांग कलावंत, कर्णबधिर नर्तक आणि कुष्ठमुक्त बांधव यांनी मिळून केलेला तो कार्यक्रम महाराष्ट्रातील अनेक शहरांनी पाहिला.

या घटनेचे महत्त्व काय, याचा थोडा विचार करू या. पैसा देणगीनेही येतो. सहानुभूतीचे लेख वृत्तपत्रांतही येतात. परंतु ज्या माणसाच्या हाताला हात लावायला समाज भीत होता, त्याच हाताच्या तालावर त्याच समाजाने टाळी दिली, ही गोष्ट भाषणांनी घडली नसती. समोर बसलेला प्रेक्षक पहिल्या गाण्यापर्यंत कदाचित दयेने पाहत असेल. तिसऱ्या-चौथ्या गाण्याला त्याचा पाय आपोआप ठेका धरतो. पायाने ठेका धरला की माणूस दाता राहत नाही, सहभागी होतो. भारताने २००५ च्या अखेरीस राष्ट्रीय पातळीवर कुष्ठरोग निर्मूलनाचे उद्दिष्ट गाठल्याचे जाहीर केले, तरी आपल्या दोन्ही जिल्ह्यांत आजही नवे रुग्ण सापडतात आणि औषधाने रोग बरा झाल्यावरही मनातला विटाळ उरतो. त्या विटाळावर गोळी नाही. त्यावर सहवास हेच औषध आहे.

ज्याला ऐकू येत नाही तो नाचतो कसा, असा प्रश्न काही जण विचारतात. सूर हा केवळ कानाचा विषय आहे, हे आपण गृहीत धरतो म्हणून हा प्रश्न पडतो. ढोलाचा ठोका जमिनीतून पायात येतो, फळीतून येतो, छातीवरही येतो. स्कॉटलंडच्या एव्हलिन ग्लेनी यांची श्रवणशक्ती वयाच्या बाराव्या वर्षापर्यंत जवळजवळ गेली होती. तरी त्या जगद्विख्यात तालवादक झाल्या. मंचावर त्या अनवाणी उभ्या राहतात, कारण वाद्याची कंपने त्या तळपायाने घेतात. व्हेनेझुएलात होसे आंतोनियो आब्रेऊ यांनी १९७५ साली गरीब वस्त्यांतील मुलांसाठी वाद्यवृंदांची चळवळ सुरू केली. तिच्यातच पुढे कर्णबधिर मुलांचा एक गानवृंद निघाला. ही मुले हातात पांढरे मोजे घालून खुणांच्या भाषेत गाणे 'म्हणतात' आणि शेजारी उभी असलेली ऐकू-बोलू शकणारी मुले तेच गाणे कंठाने म्हणतात. दोघे मिळून एक गाणे पुरे होते. आपल्याकडेही नेत्रदोषाने कोणाचे संगीत अडले नाही. ज्यांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढून संगीत सर्वसामान्य घरांपर्यंत आणले, त्या पं. विष्णु दिगंबर पलुस्करांची दृष्टी बालपणी फटाक्याच्या अपघाताने अधू झाली होती. त्यांना कोणी 'नुसता बस' म्हटले असते, तर आज घरोघरी मुलामुलींच्या हाती जी संगीताची पुस्तके आहेत, ती आली असती का?

मित्रहो, इथपर्यंतचे सारे पटायला सोपे आहे. आता जंगलात जाऊ, कारण खरी परीक्षा तेथे आहे.

गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपुरातून वेगळा झाला. २०११ च्या जनगणनेनुसार तेथील लोकसंख्येत अनुसूचित जमातींचे प्रमाण ३८.७ टक्के आहे. भामरागड-एटापल्लीकडे माडिया, धानोरा-कुरखेड्याकडे गोंडी, कोरचीकडे छत्तीसगढी, सिरोंच्यात तेलुगू, मुलचेरा-चामोर्शीच्या वसाहतींत बंगाली, आणि वैनगंगेकाठी आपली गोड झाडीबोली. आश्रमशाळेच्या एका वर्गात यांतील तीन-चार भाषा सहज बसलेल्या असतात. गोंडी ही द्राविड कुळातील भाषा. देशात ती बोलणारे २०११ च्या जनगणनेत सुमारे २९ लाख ८४ हजार होते. म्हणजे घरून येणाऱ्या मुलाला मराठी ही बोलीच्या पुढची पायरी नसते, ती पूर्णपणे नवी भाषा असते.

सहा वर्षांचे माडिया मूल पहिल्यांदा आश्रमशाळेत येते, तेव्हा काय घडत असेल? गावात ते दुडूदुडू चालायला लागल्यापासून रेला नाचाच्या कडेने फिरलेले असते. रेला आपण नीट पाहिला आहे का? कंबरेला किंवा हाताला विळखा घालून साखळी होते, एक गट गाण्याचा चरण उचलतो, दुसरा तो झेलतो, ढोल मध्ये असतो, आणि वर्तुळ रात्रभर फिरत राहते. मंच नसतो, प्रेक्षक नसतो, परीक्षक नसतो. म्हातारी असो की पोर, साखळीत शिरले की नाचातले. कोणी चुकले तर शेजारचा हात त्याला ओढून तालात आणतो. ज्या सहभागी संगीत शिक्षणासाठी जग आज पुस्तके लिहीत आहे, ते या मुलाच्या अंगात शाळेत येण्यापूर्वीच भिनलेले असते.

आणि शाळा त्याला काय देते? न समजणाऱ्या शब्दांचे गाणे, आणि ते पाठ होत नाही म्हणून 'हा मंद आहे' असा शेरा. रात्रभर गाणारे मूल वर्गात मुके होते. वर्ष-दोन वर्षांत त्याला मराठी येऊ लागते, ही चांगलीच गोष्ट. मराठी त्याला उत्तम आली पाहिजे, त्याखेरीज त्याच्यापुढची दारे उघडणार नाहीत. पण त्याच सुमारास आणखी एक गोष्ट घडते. सुटीत घरी गेल्यावर त्याला आजीच्या गाण्याची लाज वाटू लागते. शाळेत त्याचा सूर उमटला नाही आणि घरचा सूर त्याने सोडला. दोन्हीकडून पारखे झालेले असे तरुण मन कोणाच्या हाती लागते आणि त्याचे काय होते, हे गडचिरोलीने कित्येक वर्षे सोसले आहे. बंदुकीची भाषा आत शिरते ती बहुधा अशा रिकाम्या जागी, जिथे 'तू आमचा आहेस' हे आधी कोणी सांगितलेले नसते.

यावर उपाय आहे का? हंगेरीचे थोर संगीतकार झोल्तान कोदाय यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी बेला बार्तोक यांच्यासह खेडोपाडी फिरून शेतकऱ्यांची गाणी गोळा केली. त्यातून त्यांनी एक शिक्षणसूत्र मांडले : भाषेप्रमाणे संगीतातही मुलाला मातृभाषा असते, आणि ती म्हणजे त्याच्या घरचे लोकसंगीत, शिक्षणाचा प्रारंभ तेथूनच झाला पाहिजे. देशाच्या शाळांचे संगीत त्यांनी या पायावर उभे केले. आपल्या २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही प्रारंभीच्या इयत्तांत मातृभाषा आणि शिक्षणात कला यांवर भर दिला आहे. धानोरा तालुक्यातील मोहगावच्या ग्रामसभेने तर २०१९ साली गोंडी माध्यमाचे गोटुल स्वतःच सुरू केले. गोटुल म्हणजे गावाच्या तरुण पिढीचे एकत्र येण्याचे, शिकण्याचे परंपरागत ठिकाण. शासनमान्यता, माध्यम, पुढील शिक्षण यांचे प्रश्न त्यात आहेत आणि त्यावर मतभेदही असतील. तथापि, आपल्या लेकरांनी आपल्या भाषेत गात शिकावे म्हणून गरीब गाव स्वतः उभे राहते, या घटनेमागची तळमळ कोणाही पालकाला समजली पाहिजे. हेमलकशाला १९७३ साली लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला, तेव्हा डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे आधी माडिया शिकले; मगच रुग्ण त्यांच्याशी बोलू लागले. जे वैद्याला लागू, तेच गुरुजींना.

येथे शहरातील पालकांना थोडे कडू बोलतो. राग मानू नये. आपल्या स्नेहसंमेलनांत 'आदिवासी नृत्य' नावाचा एक प्रकार असतो. मुलांच्या तोंडाला काळे-पांढरे पट्टे, कंबरेला पाने, डोक्यात पिसे, हातात भाला, आणि तोंडी कोणत्याही भाषेत नसलेले निरर्थक शब्द. पालक हसतात, छायाचित्रे काढतात. हा वेश कोणत्या जमातीचा? कोणाचाच नाही. आता त्या सभागृहात भामरागडहून शिकायला आलेली एखादी मुलगी बसली आहे असे समजा. आपल्या आजी-आजोबांचे हे चित्र पाहून तिला काय वाटेल? तिचे कोणी गाणे ऐकले नाही, उलट तिची नक्कल करून दाखवली. हे समावेशन नव्हे, ही थट्टा आहे. आणि ती अजाणतेपणी होते म्हणून कमी लागते असे नाही.

आणखी एक सावधगिरीचा शब्द. संगीत जोडते, हे खरे. पण ते आपोआप जोडते असे मानू नये. ढोल जसा लग्नात वाजतो तसा भांडणातही वाजतो. एकत्र गाणाऱ्यांत जो 'आम्ही' तयार होतो, तो बाहेरच्यांना 'ते' ठरवण्यासाठीही वापरता येतो. म्हणून वर्तुळ केवढे काढले, आत कोण आहे, दार उघडे आहे की नाही, हे शिकवणाऱ्याने सतत पाहिले पाहिजे. गाण्याचा मोठेपणा आवाजाच्या उंचीवर मोजू नये, वर्तुळाच्या परिघावर मोजावा.

असे मोठे वर्तुळ कसे असते, हे पाहायला आपल्याला दूर जायला नको. झाडीपट्टीची रंगभूमी आहेच. दिवाळीनंतर धान निघू लागले, मंडया भरू लागल्या की भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीतील गावे नाटकासाठी जागतात. देसाईगंज, म्हणजे आपले वडसा, तेथून नाट्यमंडळ्या निघतात. रात्री पडदा उघडतो तो पहाटेपर्यंत मिटत नाही आणि संगीताशिवाय तर पानही हलत नाही. त्या मंडपात शेतमजूर, सावकार, शिक्षक, गोंड, कुणबी, तेली, माळी सारे एकाच तट्ट्याआड एकाच थंडीत बसलेले असतात. याच रंगभूमीचे कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली, तेव्हा राजधानीने झाडीबोलीपुढे मान लवविली. सन्मान एका व्यक्तीचा असला तरी छाती साऱ्या परिसराची फुगली. आपला सूर कोणीतरी ऐकला, ही जाणीव माणसाला केवढी उभारी देते, याचे हे उदाहरण.

मग आपण काय करावे? मोठ्या योजनांची वाट पाहण्याची गरज नाही. येत्या सत्रापासून करता येतील अशा पाच गोष्टी सांगतो.

पहिली : 'फक्त ओठ हलव' हे वाक्य शाळेतून कायमचे हद्दपार करावे. सूर लागत नसेल त्याला खंजिरी द्या, झांज द्या, टाळ्यांचा ठेका द्या. एकाच स्वराचा धरलेला आधार द्यायला लावा. ताल देणारा हा गाणाऱ्यापेक्षा कमी नाही, हे वर्गाला पटवून द्या. बहुतेकांचा सूर ऐकत-ऐकत वर्षभरात सुधारतो. मुका राहिलेल्याचा कधीच सुधारत नाही.

दुसरी : वर्गातील प्रत्येक घरचे एक गाणे वर्गात यावे. गोंडी, माडिया, बंगाली, तेलुगू, झाडीबोली. जे मूल ते आणेल, ते त्या दिवशी गुरुजी होईल. वर्ग आणि शिक्षक विद्यार्थी होतील. शब्दांचा अर्थ विचारावा, उच्चार नीट घोटावेत, ते कोणत्या प्रसंगी म्हणतात हे लिहून ठेवावे. मात्र देवकार्याची, मृत्यूची काही गाणी त्या-त्या प्रसंगीच म्हणायची असतात. ती मंचावर आणण्याआधी गावच्या वडीलधाऱ्यांना विचारावे. आदर म्हणजे केवळ टाळ्या नव्हेत.

तिसरी : दिव्यांग मुलाची जागा आधी ठरवावी, मग उरलेला कार्यक्रम. कर्णबधिर मुलाला ढोलाजवळ बसवावे, चामड्यावर हात ठेवू द्यावा, लयीची खूण हाताने करावी. अंध मुलाला पेटी, तबला, ढोल चाचपून पाहू द्यावा. चाकाच्या खुर्चीतील मुलासाठी साखळीत एक हात मोकळा ठेवावा. मंचाला पायऱ्या असतील तर त्या दिवशी सर्वांनीच मंचाखाली गावे. दिव्यांगांच्या हक्कांचा २०१६ चा कायदा सर्वसमावेशक शिक्षण सांगतोच. पण कायदा दार उघडतो, आत बसवून घेण्याचे काम आपले.

चौथी : स्पर्धा असाव्यात, पण वर्षभर केवळ स्पर्धाच नको. निवडक दहा मुलांचा संघ ढाल जिंकून आणतो आणि उरलेली चाळीस मुले ती ढाल पाहतात. वर्षातून किमान एक कार्यक्रम असा करावा की ज्यात पटावरील प्रत्येक मूल मंचावर असेल. तो थोडा बेसूर होईल, होऊ द्या.

पाचवी, खास शहरातील शाळांसाठी : 'आदिवासी नृत्य' बसवायचेच असेल तर ते शिकवायला त्या समाजातील जाणकाराला बोलवावे. शास्त्रीय संगीताच्या गुरूला जो मान आणि जे मानधन आपण देतो, तेच त्यांना द्यावे. मुलांनी पायाला हात लावून नमस्कार करावा. गोंडांच्या कुळकथा किंगरीवर गाणारे प्रधान हे पिढ्यान्‌पिढ्यांच्या स्मृतीचे राखणदार आहेत. चांद्याला गोंड राजांचा किल्ला दाखवायला आपण मुलांना नेतो. त्या राजांच्या कथा ज्या कंठांत आहेत, तेथेही न्यायला हवे.

कोणी म्हणेल, अभ्यासक्रम एवढा, परीक्षा एवढ्या, आणि गाण्याला वेळ कोठून? दिवसाला वीस मिनिटे पुरतात. परिपाठ रोज होतोच. त्यात सोमवारी माडिया, मंगळवारी मराठी, बुधवारी बंगाली असे एक-एक गीत आले तर वेगळा तास काढावा लागत नाही. आणि ज्या मुलाने वर्गात मोकळेपणी एकदा आवाज काढला, ते गणिताच्या तासालाही हात वर करते. भीती गेली की बुद्धी चालू लागते.

समरसता हा आपल्या भाषणांतील आवडता शब्द आहे. तो भाषणांतून येत नाही. सर्वांना एकाच सुरात गायला लावणे म्हणजेही समरसता नव्हे. वाद्यवृंदात सगळेच पेटी वाजवू लागले तर त्याला वाद्यवृंद कोण म्हणेल? ढोलाने ढोल राहावे, बासरीने बासरी, खंजिरीने खंजिरी, आणि तरीही लय एक असावी. त्यासाठी आधी प्रत्येकाने दुसऱ्याचे ऐकावे लागते. आजवर जंगलातील, वेशीबाहेरील, रुग्णालयातील बांधवांना आपण पुष्कळ ऐकवले. आता त्यांचे ऐकण्याची, आणि ऐकता-ऐकता त्यांच्या साखळीत हात घालण्याची वेळ आली आहे.

येथून शाळेत परतल्यावर उद्याच्या परिपाठात आपण एवढेच करावे. ओळीत नेहमी मागे उभे राहणारे, कधीच न गाणारे जे मूल असेल, त्याच्याजवळ जाऊन विचारावे, "बाळा, तुझ्या घरी कोणते गाणे म्हणतात?" ते लगेच सांगणार नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारावे. तिसऱ्या-चौथ्या दिवशी ते हळू आवाजात गाऊ लागेल, तेव्हा आपण ते नीट ऐकून घ्यावे आणि सबंध वर्गाने त्याच्या मागोमाग म्हणावे.